नसलेला खडक

साखरेचा डबा, थंड इस्त्री, जाडजूड शब्दकोश आणि बाळाची दुधाची बाटली अशा चार वस्तू चार कोपऱ्यांवर ठेवून घरात जिला सगळे मोजपट्टी म्हणत तिने नकाशा जेवणाच्या टेबलावर सपाट केला. मग बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेत म्हणाली, "बाबा, खडक नाहीये."

तिचा बाप, म्हणजे या घरातला धाकटा मुलगा आणि सागरी नकाशा कार्यालयाचा प्रमुख, चष्मा पुसत होता. तासाभरात चौथ्यांदा.

"काल पण तू हेच म्हणालीस."

"कालही नव्हता."

खिडकीशी बसलेली आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, हसली आणि धाकट्याने तिच्याकडे बघितल्यावर मुद्दाम खोकली.

मोजपट्टी हे नाव तिला पाचव्या वर्षी पडलं. आजोबांच्या दोरीने तिने आधी मांजर मोजलं, मग शेजाऱ्यांचं कुंपण, मग शेजारी. आता ती सत्तावीस वर्षांची होती, बापाच्याच कार्यालयात मोजणी अधिकारी होती, नवरा जहाजावर इंजिनिअर म्हणून सात समुद्रांपलीकडे होता, बाळ आठ महिन्यांचं होतं. नाव काही सुटलं नव्हतं.

नकाशाचं बाकी सगळं झालं होतं. साडेतीनशे मैलांचा किनारा, अकरा दीपगृहं, दोन नद्यांची मुखं. सहा वर्षं आणि तीन होड्या त्यापायी झिजल्या होत्या. राहिली होती बंदराच्या तोंडावरची नखाएवढी जागा. जुन्या नकाशात तिथे एक फुली होती, फुलीशेजारी 'खडक', आणि खाली आकडा: चार वाव. दोन्ही हात पसरले की बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत जेवढी लांबी, तो एक वाव. म्हणजे चार पुरुषभर पाणी आणि खाली दगड. या चाराच्या भीतीने मोठी जहाजं गेली कित्येक वर्षं बंदराबाहेरच नांगर टाकत होती.

जुना नकाशा परक्यांचा. राज्य सोडून जाऊन त्यांना अकरा वर्षं झाली तरी आपल्या समुद्राचे नकाशे तेच छापत आणि जगाला तेच विकत. छापखाना आज रविवार असूनही चार वाजेपर्यंत थांबणार होता. शेवटची प्लेट चढली की बाराव्या दिवशी आंतरराष्ट्रीय नकाशा मंडळाचं पाहणी जहाज येणार, आणि आपल्या नकाशावर विसंबून बंदरात शिरणार. नीट शिरलं, तर देशाला मंडळाच्या टेबलाशी खुर्ची.

"तुझ्या मोजणीत किती आले?" धाकट्याने विचारलं. त्याला माहीत होतं. तरीही विचारलं.

"आठ. सगळीकडे आठ. फुलीच्या चारी बाजूंना दोन दिवस दोरी टाकली. तळाला काळा चिखल आणि शिंपल्यांचा चुरा. दगड म्हणाल तर बोराएवढाही नाही."

"भरतीचं पाणी वजा केलंस?"

"बाबा."

"केलंस का?"

"केलं. दर दहा मिनिटांच्या नोंदीवरून."

"कोणी घेतल्या नोंदी?"

"मी," आत्या म्हणाली. "धक्क्याच्या खांबाशी स्टूल टाकून बसले होते. पाणी कुठल्या रेघेला आहे ते बघायचं आणि लिहायचं. त्यात काय विमान चालवायचंय?"

"मांडीवर बाळ घेऊन?"

"मग काय पाण्यात सोडू? ही होडीत, जावई समुद्रात, तू कार्यालयात. अरे, तीस वर्षं चाळीस-चाळीस पोरांची हजेरी घेतली मी. त्यात एक चूक दाखव, आत्ताच्या आत्ता दाखव."

धाकट्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या हजेरीत तो स्वतःही होता, आणि दोनदा गैरहजर होता.

"आणि माझंच नुकसान आहे," आत्या जरा खालच्या आवाजात म्हणाली. "तिसरीचं पुस्तक, पाचवा धडा. 'आमचा रखवालदार'. परक्यांची युद्धनौका गावावर तोफा डागायला निघाली आणि पाण्याखालच्या एका खडकाने तिला दारातच अडवलं. किती वर्षं शिकवला मी तो. पोरं खडकाचं चित्र काढायची, मिशा लावून. तरी मी म्हणते, पोरीचं ऐक."

धाकट्याने नकाशावर बोट ठेवलं. "ताई, हा आकडा कोणाचा आहे?"

तिघांच्याही नजरा व्हरांड्याकडे गेल्या. तिथे पाठमोरे बसून मोजपट्टीचे आजोबा, आप्पा, बाळाच्या पाळण्याची दोरी विणत होते. मोतीबिंदूने त्यांचे डोळे दुधाळ झाले होते, पण बोटं दोरी बघत होती. परक्यांच्या मोजणी होडीवर ते सदतीस वर्षं दोरीवाला होते, म्हणजे दोरी टाकून पाण्याची खोली पुकारणारे. अजूनही बाजारात दोघांचा वाद झाला की तिसरा म्हणायचा, "चला, दोरीवाल्याला विचारू." चुकीचा आकडा त्या तोंडातून कधी निघाला नव्हता.

"तेच," धाकटा म्हणाला. "आता सांग, कोणाचं ऐकू?"

*

धाकट्याच्या मोठ्या भावाला, थोरल्याला, खडक नाही हे नऊ वर्षांपासून माहीत होतं.

दारात चपला सोडताना त्याने टेबलावरचा कागद बघितला, तिघांची तोंडं बघितली, आणि काय चाललंय ते त्याला कळलं. बंदराबाहेर थांबलेल्या जहाजांचा माल धक्क्यावर आणणारे अठरा पडाव त्याचे होते. नऊ वर्षांपूर्वी त्यातल्या एकाचं इंजिन नेमकं फुलीवर बंद पडलं. त्याने नांगर सोडायला सांगितलं. चार वाव दोर सुटला, पाच, सहा, सात. खलाशी त्याच्या तोंडाकडे बघायला लागला. आठाला नांगर टेकला. "दोर वाहत गेला असेल," थोरला म्हणाला होता, आणि खलाशी शहाणा होता, तोही "असेल" म्हणाला.

त्या संध्याकाळी तो आप्पांसमोर जेवायला बसला आणि त्याला घास जाईना. आप्पा चुकले होते. सगळ्या जगाला बरोबर सांगणारा माणूस एकदा चुकला होता, आणि ते फक्त आपल्याला ठाऊक होतं. बोललो तर आप्पांचं काय राहतं? शिवाय बोललो तर जहाजं सरळ आत येतील आणि पडाव धक्क्याला कुजतील. दोन कारणं होती. पहिल्याच्या आड दुसरं किती लपलंय हे त्याने स्वतःला कधी विचारलं नाही.

"काय साहेब," तो धाकट्याला म्हणाला, "रविवारी पण सरकार चालू?"

"दादा, बरं झालं आलास. मोजपट्टी म्हणते खडक नाही."

"मोजपट्टी लहानपणी म्हणायची आमची मांजर पावणेदोन हात आहे. शेपूट धरून होती की सोडून, ते कधी सांगितलं नाही."

"शेपूट धरून," मोजपट्टी म्हणाली. "मोठेकाका, तुमचे लोक रोज तिथून जातात. तुम्हाला कधी काही जाणवलं नाही?"

थोरल्याने तांब्या उचलला आणि पाणी प्यायला. बराच वेळ प्यायला.

"आमच्या पडावाला एक वावही पाणी लागत नाही पोरी. खाली खडक आहे का हत्ती बसलाय, आम्हाला काय कळणार?" मग भावाकडे वळून, "हे बघ, जे आहे ते छाप. जास्त खोल दाखवलंस आणि जहाज लागलं, तर जगभर तोंड काळं होईल. कमी दाखवलंस तर कोण मेलं आजवर? नवा देश आहे, जपून पाऊल टाकावं."

"मलाही तसंच वाटतंय," धाकटा म्हणाला.

आत्याने मान वर केली. हे दोघे भाऊ गेल्या दहा वर्षांत एका बाजूला कधी बसले नव्हते. घराच्या गळक्या छपरावरूनही त्यांचे दोन पक्ष होते.

"वा," ती म्हणाली. "हे मात्र कुठल्याच नकाशात नव्हतं."

मोजपट्टी हसली नाही. तिने बाळाला आत्याच्या मांडीवर दिलं, टेबलाशी आली आणि दोन्ही हात कागदावर टेकले.

"बाबा, त्या जहाजावर खोली मोजायचं यंत्र आहे. फुलीवरून जाताना ते आठ दाखवणार. मग त्यांचा कप्तान आपला नकाशा उघडणार. चार. परक्यांचा जुना उघडणार. चार. मग त्यांना काय कळेल?"

तिने फुलीवर बोट ठेवलं.

"की आपण मोजलंच नाही. त्यांच्या नकाशावर पातळ कागद ठेवून गिरवलं. सहा वर्षं, साडेतीनशे मैल, सगळं गिरवलेलं समजतील, या एका आकड्यामुळे."

*

धाकट्याला तो दिवाणखान्यासारखा हॉल आठवला. गेल्या वर्षी मंडळाच्या बैठकीला तो गेला होता. टेबल लांबलचक, प्रत्येक खुर्चीसमोर देशाच्या नावाची पाटी. त्याची खुर्ची भिंतीशी होती, पाटीशिवाय, कोट टांगायच्या खुंट्यांखाली. आपल्या किनाऱ्याचा विषय निघाला तेव्हा परक्यांचा माणूस उठला आणि बोलला. सभ्यपणे बोलला, सगळं बरोबर बोलला. फक्त 'आमचा किनारा' म्हणाला. धाकटा उठला, तर अध्यक्षांनी हसून सांगितलं की निरीक्षकांनी कृपया बसून राहावं. त्याच्या डोक्यावर कोणाचा तरी ओला ओव्हरकोट टपकत होता.

परत आल्यावर हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. बायको गेल्यापासून असल्या गोष्टी सांगायला घरात माणूस नव्हतं. एकदाच, मोजपट्टी बाळंतपणाला आलेली असताना, तिने "बैठक कशी झाली?" विचारलं आणि तो "हॉल छान होता" एवढंच म्हणाला. पोरीने त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि दीड महिन्याचं बाळ घरी ठेवून कामावर रुजू झाली.

आता ती समोर उभी होती. तो तिच्या बाजूने गेला तर आप्पा खोटे. आप्पांच्या बाजूने गेला तर पोर खोटी, आणि भिंतीशी खुर्ची कायमची.

"बाबा, तुम्हाला माझ्या मोजणीत शंका आहे का?"

"नाही," तो म्हणाला आणि स्वतःच चकित झाला. "अजिबात नाही."

"मग?"

"मग काय. तुझ्या आजोबांना कोण सांगणार?"

"बुडाला काय आलं म्हणालीस?" व्हरांड्यातून आवाज आला.

*

आप्पांना आत आणून बसवलं. थोरल्याने खुर्ची ओढली, धाकट्याने उशी दिली, दोघांनाही त्यांनी हाताने बाजूला केलं.

"बुडाला. मेणात काय चिकटून आलं?"

शिशाच्या वजनाच्या बुडाला एक खळगा असतो. त्यात मेण भरतात, म्हणजे तळाला जे असेल ते चिकटून वर येतं. मोजपट्टीने पिशवीतून पत्र्याची डबी काढली आणि मेणाचा गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. आप्पांनी तो बोटांनी चाचपला. नाकाशी नेला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हाच चिखल."

"हाच म्हणजे?" धाकट्याने विचारलं.

"तेव्हाही हाच होता."

थोरला मटकन खाली बसला.

"संपाचं वर्ष," आप्पा म्हणाले. "धक्का सव्वीस दिवस बंद. परक्यांनी युद्धनौका मागवली, तिला आत आणायची आणि बाजारावर तोफा लावायच्या. तिला पाच वाव पाणी लागायचं. आत यायची वाट कोणी नीट मोजलेली नव्हती, म्हणून पहाटे मला होडीत बसवलं. मागे आमचा साहेब वही घेऊन. तुम्हाला रीत ठाऊक आहे. मी पुकारायचं, लिहिणाऱ्याने तोच आकडा मोठ्याने परत म्हणायचा, मी 'ऐकलं' म्हणायचं. शंका आली तर तो 'पुन्हा' म्हणतो, आणि दोरी पुन्हा पडते."

"आप्पा, राहू दे," थोरला म्हणाला.

"राहूच दिलं होतं. आठ होते. दोरी ओढताना मी अंगठ्याने मेण पुसलं. स्वच्छ मेण वर आलं की खाली दगड. पुकारलं, 'चार, खडक.' आणखी तीन ठिकाणी तेच."

आत्याने बाळाला घट्ट धरलं होतं. "मग तो म्हणाला 'पुन्हा'?"

"नाही ना." आप्पा म्हणाले. "चारही वेळा म्हणाला 'चार'. वीस वर्षं मी खरं पुकारलं होतं त्याच्यापुढे. त्याला शंका घ्यायचं कारणच काय? साधा माणूस होता. मला त्याच्या विश्वासावर पाय ठेवून जावं लागलं. गाव वाचलं, त्याचं मला वाईट नाही वाटत. उद्या तशीच वेळ आली तर उद्याही पुकारीन. पण त्या माणसाने एकदा 'पुन्हा' म्हणायला हवं होतं."

"अहो, पण स्वातंत्र्य आल्यावर?" आत्या म्हणाली. "अकरा वर्षं झाली आप्पा. मी त्या खडकावर परीक्षेत प्रश्न विचारलेत."

"पहिली दोन वर्षं त्यांची जहाजं बाहेर घिरट्या घालत होती. कुठल्या तोंडाने सांगू, या, दार उघडं आहे? मग याने पडाव घेतले." त्यांनी अंदाजाने थोरल्याच्या दिशेने हात केला. "एकाचे सहा केले, सहाचे अठरा. म्हटलं, पोराचा संसार माझ्या खडकावर उभा आहे. आणि खरं सांगू? बाजारात लोक मला विचारायला यायचे ते मला आवडायचं."

थोरला हसायला लागला. आधी कोणाला कळलं नाही की तो हसतोय.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "आप्पा, नऊ वर्षांपासून. नांगर आठाला टेकला होता. मला वाटलं तुम्ही चुकलात. म्हटलं, तुमच्या तोंडावर कसं सांगू?"

"चुकलो? मी?" म्हाताऱ्याला याचाच जास्त राग आला. "दुपटीने चुकेन मी? अरे, खोटं बोललो म्हण. चुकलो काय म्हणतोस?"

आत्याने पदराचं टोक तोंडात धरलं, पण हसू फुटलंच. बाळानेही तिच्याकडे बघून दोन्ही दात दाखवले.

हसला नाही तो धाकटा. तो कागदाकडे बघत होता. "आप्पा," तो सावकाश म्हणाला, "मी हे छापू शकत नाही."

"आता काय राहिलं?" थोरला म्हणाला. "कबूल केलं ना त्यांनी?"

"म्हणूनच. कोणाच्या सांगण्यावर छापायचं नाही, हा या कार्यालयाचा पहिला नियम आहे. चार त्यांच्या सांगण्यावर छापला गेला, आता आठही त्यांच्याच सांगण्यावर? मोजपट्टीचे आकडे माझ्याकडे आहेत, पण फुलीवरचा आकडा खोडायचा तर दुसऱ्या हाताची मोजणी लागते. दोन हात, एक आकडा."

मग आप्पा म्हणाले, "शाबास."

त्यांनी काठी शोधली. "किती वाजले?"

"पाऊण."

"दीडला ओहोटीचं तळपाणी. वजा करायला काही उरणार नाही. दुसरा हात माझा."

"तुम्हाला दिसत नाही आप्पा."

"दोरी डोळ्यांनी मोजतात हे तुला कोणी शिकवलं?"

थोरला उठला. अठरा पडाव, बेचाळीस खलाशी, आणि तो चपला शोधत होता. "माझा पडाव धक्क्याला आहे," तो म्हणाला. "इंजिन गरम आहे."

"काका," मोजपट्टी हळूच म्हणाली, "जहाजं आत आली तर..."

"आली तर त्यांना वाट कोण दाखवणार? तुझा बाप? त्याला अंघोळीच्या पाण्यात भोवळ येते. माझ्या पोरांइतकी ही वाट कोणाला ठाऊक आहे?" मग जरा थांबून, "बघू. पोटाचं नंतर बघू."

"माझं स्टूल कुठंय?" आत्या म्हणाली.

*

समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निवांत होता. धक्क्याच्या खांबाशी आत्या, तिच्या मांडीवर बाळ, हातात वही. तिने रुमाल हलवला: पाणी शून्याच्या रेघेला. थोरल्याने इंजिन बंद केलं आणि पडाव फुलीवर आला. पाण्यावर फुली वगैरे नव्हती. पाण्यासारखंच पाणी होतं.

आप्पा कठड्याशी उभे राहिले. कमरेला थोरल्याने दोर बांधून त्याचं टोक स्वतःच्या मुठीत धरलं. जुनी दोरी त्यांनी बोटांमधून एकदा फिरवली: दोनावर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनावर तीन, पाचावर सुती फडकं, सातावर लोकरीचं. अंधारातही हाताला कळावं म्हणून प्रत्येक कापड वेगळं.

मोजपट्टी मागे वही घेऊन बसली. आजोबांच्या मागे लिहायला बसण्याचा खेळ ती लहानपणी पायरीवर बसून खेळायची.

शिसं पाण्यात पडलं. दोरी सुटली, थांबली, ताठ झाली. आप्पांनी पाण्यालगत दोरी धरली आणि दोन्ही हात पसरून वर ओढली. एक वाव. हाताला ओली लोकर लागली, सातावरची. सात आणि एक.

सदतीस वर्षं त्यांनी परक्यांच्या भाषेत पुकारलं होतं. तोंडाने आपोआप तोच शब्द घेतला, आणि मोजपट्टीने तो त्यांच्या ओठांवर आलेला बघितला. आप्पांनी तो गिळला. श्वास घेतला.

"आठ," ते आपल्या भाषेत ओरडले. म्हातारा आवाज पाण्यावरून लांब गेला. "चिखल."

मागून काहीच आलं नाही.

धाकट्याने मुलीकडे बघितलं. थोरल्याने मान वळवली. आता फक्त एक शब्द परत म्हणायचा होता. आप्पा पाठमोरे उभे होते, मान किंचित तिरकी, कान मागे.

"पुन्हा," मोजपट्टी म्हणाली.

"अगं," थोरला म्हणाला, "एवढ्या म्हाताऱ्या माणसाला..."

"तू गप्प बस," आप्पा म्हणाले. त्यांची पाठ ताठ झाली होती. इतक्या वर्षांत ती तशी कोणी पाहिली नव्हती.

दोरी पुन्हा पडली. "आठ. चिखल."

"मेण दाखवा." तिने मेण बघितलं, बोटाने दाबलं, नवं भरलं. "पुन्हा."

तिसऱ्यांदा शिसं पाण्यात गेलं. थोरल्याने मुठीतला दोर जरा आवळला.

"आठ," आप्पा म्हणाले. यावेळी ओरडले नाहीत.

"आठ," मोजपट्टी मोठ्याने म्हणाली आणि लिहिलं.

आता 'ऐकलं' म्हणायचं होतं. आप्पांचं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. मग थोरल्यानेच सांगितलं, समुद्राला ऐकू जाईल इतक्या जोरात, "ऐकलं."

धाकट्याने वही घेतली. जुन्या नकाशांवर खाली परक्या कप्तानाचं नाव असे, दोरी टाकणाऱ्याचं कधीच नसे. त्याने दोन नावं लिहिली, एकाखाली एक, आजोबांचं आणि नातीचं. मग नकाशा उलगडून पेन्सिलीची फुली रबराने खोडली, इतकी नीट की कागदावर वणही राहिला नाही. छापखान्यात ते चारला दहा मिनिटं असताना पोचले.

"धडा बदलावा लागेल," परतताना आत्या म्हणाली.

"कशाला?" आप्पा म्हणाले. "जहाजांचा खडक काढा. पोरांचा राहू दे."

"खोटा शिकवू?"

"मग मला घाल त्यात. पण मिशा लावू नकोस."

*

बाराव्या दिवशी पाहणी जहाज आलं. बाहेर नांगर न टाकता आलं. पुढे थोरल्याचा पडाव वाट दाखवत होता, सगळ्या खलाशांनी धुतलेले सदरे घातले होते, आणि थोरला उगाचच चाकाशी उभा होता. चाक दुसराच फिरवत होता. जहाजाच्या पुढच्या डोलकाठीवर आपला झेंडा होता. पाहुण्याने यजमानाचा झेंडा लावायचा, एवढीच ती रीत, पण धक्क्यावर उभी असलेली माणसं ती रीत पहिल्यांदा बघत होती.

बंदराच्या वायरलेस खोलीत आप्पांना खुर्ची दिली होती. मांडीवर बाळ होतं, त्याच्या मुठीत त्यांचा अंगठा. जहाज फुलीच्या जागेवर आलं, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

यंत्र खरखरलं. वायरलेसवाल्याने कानावरचा हेडफोन सरकवून कागदाच्या पट्टीवर काहीतरी लिहिलं आणि ती धाकट्याकडे दिली. धाकट्याने ती वाचली, आणि चष्मा पुसायला काढला.

"काय म्हणतात?" आप्पांनी विचारलं.

"त्यांच्या यंत्राचा आकडा कळवलाय. भरतीचं पाणी वजा जाता चौदा पूर्णांक सहा मीटर."

"बघ," आत्या म्हणाली. "पाणी वजा केलंय त्यांनीही."

"ते माझ्या हातांत किती?"

मोजपट्टी त्यांच्याजवळ वाकली. तिने त्यांचा मोकळा हात हातात घेतला, आणि बाळ दचकणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाली, "आठ, आजोबा. ते आठ म्हणाले."

म्हाताऱ्याने दुधाळ डोळे पाण्याच्या दिशेने वळवले.

"ऐकलं," ते म्हणाले.